पुलावरची चार मिनिटं

बीजिंग, १४ मार्च २०००

ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला बसलो की डोकं तापायचं आणि कागद फाडून टाकायचो. आज तापलेल्या डोक्यानंच लिहितो आहे, सांभाळून घे.

काल तपासणी मंडळात बोलावणं होतं. लांबलचक टेबल, झाकणाचे चहाचे पेले आणि सात माणसं. त्यातल्या चौघांनी सिनेमा पूर्ण पाहिलेलाच नव्हता, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. मुख्य आहेत ते फान साहेब. माणूस वाईट नाही. पूर्वी कविता करायचे म्हणतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "छू वेइनिंग, तुमच्या सिनेमात ऊन का पडत नाही?"

मी म्हटलं, "साहेब, डिसेंबरात चित्रण केलंय, आमच्या गावात. तिथे डिसेंबरात धूर असतो. ऊन कुठून आणू?"

कुणी हसलं नाही. एकानं माझं वाक्य वहीत टिपून घेतलं.

तीन बदल सुचवलेत. शेवटी एक आशादायक गाणं घाला. गिरणी बंद करणाऱ्या मॅनेजरच्या तोंडी कळवळ्याचं भाषण द्या. आणि तिसरा, पुलाचा प्रसंग काढा. नोकरी गेलेला माणूस रोज सकाळी गिरणीचे कपडे घालून, डबा घेऊन घराबाहेर पडतो, दिवसभर पुलावर बसतो आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येतो. बायकोला ठाऊक असतं, ती बोलत नाही. सलग चार मिनिटांचं एकच दृश्य आहे. फान म्हणाले, "हे फार उदास आहे. माणूस उठून काहीतरी करत का नाही?"

ताई, मला या लोकांची भीती नाही वाटत, वैताग येतो. यांना सिनेमा म्हणजे दवाखान्यातली बाटली वाटते, दोन चमचे घेतले की समाज बरा! दूरचित्रवाणीवर बघ, संध्याकाळी सात ते नऊ नुसते सम्राट आणि त्यांच्या राण्या. ज्या देशात लाखो माणसं एका कागदाच्या चिटोऱ्यावर घरी बसली, तिथे लोकांनी तीनशे वर्षांपूर्वीच्या राणीला मूल होईना म्हणून रडायचं. मी एक माणूस चार मिनिटं नुसता बसलेला दाखवतो, तर म्हणे समाजाचं मनोधैर्य खचतं.

तिन्ही बदलांना नाही म्हणून आलोय. पुलाचा प्रसंग तर सिनेमाचं काळीज आहे.

दाजींचा खोकला कसा आहे? माझ्याकडून नमस्कार सांग.

वेइनिंग


लोशान, २ एप्रिल २०००

वेइनिंग,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं माझीच काही चूक होतेय. दुसऱ्यांदा वाचून चूल बंद केली आणि खाली बसले.

पूल. डबा. गिरणीचे कपडे.

अरे, दोन वर्षांपूर्वी मी तुला ते पत्र लिहिलं ते भावाला लिहिलं होतं, दिग्दर्शकाला नाही. आई गेल्यावर मला बोलायला कोण उरलंय? तुझे दाजी नऊ महिने रोज सकाळी साडेसहाला बाहेर पडत होते आणि मी रोज डबा भरून देत होते. गिरणीतून नाव कमी झाल्याचं मला पहिल्याच आठवड्यात पाटीवर वाचून कळलं होतं, पण त्यांना ते कळू द्यायचं नाही म्हणून मी जीभ चावून बसले. पुढे त्यांना सार्वजनिक न्हाणीघराच्या बंबावर काम लागलं, तेव्हा म्हणाले, "बदली मागून घेतली." मी म्हटलं, "बरं केलंत." आजपर्यंत आमच्यात तो विषय नाही. तुला बजावून लिहिलं होतं, हे कुणाला बोलू नकोस. आता तू ते भिंतीएवढं करून लोकांना दाखवणार?

तो प्रसंग काढ. तुझे साहेब म्हणतात म्हणून नाही, मी म्हणते म्हणून काढ.

आणखी एक. परवा इथल्या सांस्कृतिक कचेरीतला एक जण आला होता. सोबत नासपतींची टोपली. "तुमचे धाकटे बंधू मोठे कलावंत, तुम्ही जरा समजावून सांगा" म्हणाला. मी चहा दिला आणि पाठवून दिलं. त्याला कसलीच माहिती नाही, तुझ्यापेक्षा कमीच.

ताई


बीजिंग, ९ एप्रिल २०००

ताई,

तर ते तुझ्यापर्यंत पोचले. नासपती घेऊन! मला वाटलंच होतं. माझ्या छायाचित्रकाराच्या सासऱ्याकडे तेलाचा डबा गेला होता. आधी माणसाला पटवायचं, जमलं नाही तर त्याच्या घरच्यांना पटवायचं, ही यांची रीतच आहे. तू त्यांच्या बोलण्याला भुललीस याचं दुःख होतं. गिरणीच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले तेव्हा आपल्या बापानं एकट्यानं हात खाली ठेवला होता, त्याची मुलगी तू.

दाजींचं म्हणशील तर शांतपणे ऐक. मी नाव बदललं, चेहरा बदलला. माझा नट दाजींच्या खांद्याइतकाही नाही. गाव कुठेही सांगितलेलं नाही. आणि ताई, असं करणारे दाजी एकटे होते असं वाटतं तुला? चित्रणाच्या आधी मी चार शहरं फिरलो, प्रत्येक शहरात असा माणूस होता. ही गोष्ट तुझ्या घरची राहिलेली नाही, सगळ्यांची झालीय. मी ती दाखवली नाही तर उद्या कुणी म्हणेल असं काही घडलंच नव्हतं. सम्राटांचे दरबार लिहून ठेवायला माणसं नेमलेली असायची. डबा घेऊन निघालेल्या माणसाचं कोण लिहिणार?

मी त्या माणसावर कुठेही संगीत घातलेलं नाही, त्याला रडवलेलं नाही. माझ्यापुरती हीच कलेची नीती आहे. माणसाकडे बघायचं, त्याला वापरायचं नाही.

आणि दाजी माझे सिनेमे बघतात कधी? मागचा लावला तेव्हा दहाव्या मिनिटाला घोरायला लागले होते.

प्रसंग राहणार. हात जोडून सांगतो, यावर पुन्हा लिहू नकोस.

वेइनिंग


लोशान, ६ मे २०००

वेइनिंग,

नासपती आम्ही खाल्ल्या. गोड होत्या. त्यांनी मला भुलवलं म्हणतोस? मी तीस वर्षं मागावर उभी होते, सुटलेला धागा मला डोळे मिटून सापडतो. मला शिकवायला कुणाची टोपली लागत नाही.

"माणसाकडे बघायचं, वापरायचं नाही." छान वाक्य आहे. वर्तमानपत्रात देऊन टाक.

तू म्हणालास लिहू नकोस, म्हणून लिहीत नाही.

ताई


बीजिंग, २२ ऑक्टोबर २०००

ताई,

पाच महिने तुझी एक ओळ नाही. मीच लिहितो.

सिनेमा परवानगीविना परदेशी महोत्सवात गेला आणि त्याला मोठं पारितोषिक मिळालं. इथल्या पेपरांत चकार शब्द नाही. परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी कागद हातात पडला, मला दोन वर्षं चित्रीकरणाला बंदी.

तुला वाटेल मी तिथे खूश असेन. अकरा मिनिटं टाळ्या चालल्या होत्या. एक बाई डोळे पुसत आली आणि विचारलं, "तुमच्याकडे खरंच इतकं वाईट आहे?" तिच्या आवाजात कुठेतरी समाधान होतं, ताई. तिच्याकडे तसं नाही याचं समाधान. मला विचारावंसं वाटलं, बाई, तुमच्या गावातली गिरणी कधी बंद झाली आणि तेव्हा तुम्ही कुणाकडे बघितलंत?

पत्रकार चाळीसेक होते. सगळ्यांनी बंदीबद्दल विचारलं. माग थांबल्यावरही मी मागांचा आवाज का चालू ठेवला, हे एकानं विचारलं नाही. इथे साहेबांना माझ्याकडून ऊन हवंय, तिथल्यांना अंधार हवाय. सिनेमा कुणालाच नको. तिथे मी कैदी, इथे फितूर. दिग्दर्शक म्हणून उभं राहायला हातभर जागा कुठे नाही.

परवा रस्त्यावर माझ्याच सिनेमाची चोरटी चकती दिसली. वेष्टनावर भलत्याच नटीचा फोटो. विकणाऱ्यानं मला सांगितलं, "घ्या, बंदी आहे यावर, मस्त आहे." चोरांनी तेवढा माझा सिनेमा लोकांपर्यंत नेला. हसावं की रडावं? मी एक विकत घेतली.

रागावलीस तरी लिही.

वेइनिंग


लोशान, १८ जानेवारी २००१

वेइनिंग,

नववर्षाचा सण सहा दिवसांवर आलाय आणि तुझे दाजी घरात नाहीत.

तुझी ती चकती इथेही आली. गिरणीच्या फाटकापाशी गंग बसतो ना, पूर्वी सूतखात्यात होता, आता चकत्या विकतो. त्यानं दाजींना हाक मारून फुकट दिली. "घे देशान, तुझ्या मेव्हण्याचा सिनेमा. आपलंच गाव आहे यात, पूल बघूनच ओळखलं मी." गाव कुठेही सांगितलेलं नाही म्हणाला होतास ना?

त्यांनी दुपारी जेवणानंतर लावला. मी स्वयंपाकघरात मुळा किसत होते. मागांचा आवाज ऐकला आणि हात थांबला. बाहेर येऊन दाराशी उभी राहिले. काय करणार होते, वीज बंद करणार होते?

पूल आला. तो तुझा नट बसला. मग ती बाई दिसली, खिडकीतून नवऱ्याच्या पाठीकडे बघणारी, सगळं ठाऊक असलेली. दाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात मला असं कधी उघडं वाटलं नव्हतं.

म्हणाले, "तुला माहीत होतं."

मी म्हटलं, "हो."

"आणि तू याला लिहिलंस."

त्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. या वेळी घोरले नाहीत, तुझ्या माहितीसाठी. मग चकती काढून खिशात घातली, अंगावर कोट चढवला आणि "चुलतभावाकडे जातो" म्हणून गेले. आज दहावा दिवस. चुलतभावाच्या शेजारी फोन आहे. तिथे केला तर म्हणाले, दोन दिवस राहून केव्हाच निघाला.

मी नऊ महिने त्या माणसाची लाज झाकून ठेवली होती. फडक्यानं ताट झाकावं तशी. तू फडकं ओढलंस, आणि वर म्हणतोस मी वापरत नाही.

तुझं बक्षीस काचेचं आहे की धातूचं?

ताई


बीजिंग, ५ फेब्रुवारी २००१

ताई,

दाजी सणाच्या आदल्या दिवशी परतल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच ठेवलास. मला क्षमा मागायला तेवढी संधीही दिली नाहीस. बरोबर केलंस.

तुझं पत्र आल्यापासून मी तो प्रसंग रोज बघतो आहे. इतके दिवस मला वाटायचं की मी पुलापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे कॅमेरा ठेवला, म्हणजे अदब राखली. आता दिसतं ते असं, की मी लपून बघत होतो. दाजींनी तुझ्यापासून लपवलं, तू विश्वासानं मला सांगितलंस, आणि मी ते उचलून दुकानात मांडलं. कलेची सगळी वाक्यं मी त्यावर वेष्टनासारखी गुंडाळली.

प्रसंग काढतो. मूळ फितीतून काढतो. चकत्या परत आणता येणार नाहीत, पण माझ्या नावानं जो सिनेमा राहील त्यात तो नसेल.

दाजींना माझं तोंड दाखवायची हिंमत नाही. त्यांना काही सांगू नकोस.

वेइनिंग


बीजिंग, १६ सप्टेंबर २००१

ताई,

तुझी त्रोटक पत्रं मिळाली. दाजी बोलतात, जेवतात, कामावर जातात, एवढंच लिहितेस. एवढं पुरे असं मीही मनाला सांगतो.

चार मिनिटं कापली. ज्यासाठी वर्षभर भांडलो तो तुकडा कापायला साडेतीन मिनिटं लागली. संकलकानं विचारलं, "का?" मी म्हटलं, "घरचं कारण आहे." तो हसला. घरचं कारण म्हणजे काय, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. त्याला वाटलं मला साहेबांकडून मोटार मिळाली.

फान साहेबांना कळल्यावर त्यांनी मला स्वतः फोन केला. "वेइनिंग, तुम्ही परिपक्व झालात. मला पहिल्यापासून खात्री होती." गाणं आणि भाषण त्यांनी आपणहून सोडून दिलं. बंदीही उठवली. मला ओरडून सांगायचं होतं की तुमच्यासाठी नाही कापलं! पण मग कुणासाठी, असं विचारलं असतं, आणि ते सांगितलं की पुन्हा तोच गुन्हा.

छायाचित्रकारानं बोलणं टाकलंय. तरुण मुलं एक मासिक काढतात, त्यात माझ्यावर लेख आलाय, मथळा आहे 'आणखी एक गुडघा टेकला'. चांगला लिहिलाय मुलानं. मी त्याच्या वयाचा असतो तर तसाच लिहिला असता.

पुढच्या महिन्यात सिनेमा सगळीकडे लागेल, लोशानच्या गिरणी सभागृहातही. आता तुम्ही दोघं निर्धास्त जाऊन बघू शकता. मी येणार नाही.

वेइनिंग


लोशान, ११ नोव्हेंबर २००१

वेइनिंग,

मी पांग देशान, तुझा दाजी. मला पत्र लिहायची सवय नाही. बंबाच्या खोलीत बसून लिहितोय, कागदावर काजळी पडली असेल तर समजून घे. तुझ्या बहिणीला विचारून लिहितोय. आमच्या घरात आता विचारायची पद्धत पडली आहे.

सिनेमा गिरणीच्या सभागृहात लागला. मी सगळ्यात पुढच्या रांगेत बसलो होतो. तीनशेवर माणसं असतील. गिरणी बंद पडल्यापासून त्या सभागृहात एवढी माणसं मी पाहिली नव्हती. सगळ्यांनी चकतीवर आधीच पाहिलेला. तरी आले. का आले? तर तो पूल मोठ्या पडद्यावर बघायला. बायकापोरांना घेऊन आले होते.

पुलाची जागा आली आणि सिनेमानं उडी मारली. मागून गंग ओरडला, "अरे, रीळ चुकलं! मागे घे!" लोक हसले. मग कळलं की रीळ चुकलेलं नाही, तेवढंच नाहीये. बाहेर पडताना कुणी माझ्याशी बोललं नाही. त्यांना वाटलं मीच सांगून काढायला लावलं.

घरी येऊन तुझ्या बहिणीला विचारलं. तिनं तुझी सगळी पत्रं समोर ठेवली. मी वाचली. आता माझं ऐक.

जानेवारीत चकती बघितली तेव्हा मला राग आला, खोटं नाही सांगत. तुझ्यावर आणि तिच्यावरही. तिला माहीत असल्याचा नाही. ते मला माहीत होतं. काम नसलेल्या माणसाच्या डब्यात बायको अचानक रोज मांस घालायला लागली, तर तिला काय कळलंय हे न समजायला मी खुळा नाही. राग आला तो तिनं बाहेर सांगितल्याचा. म्हणून घरातून निघालो. दोन दिवस चुलतभावाकडे काढले. मग ती चकती घेऊन जुन्या सोबत्यांकडे गेलो. आता चार गावांत विखुरलेले सहा जण. सहाही जण बायकोला चुकवून असेच बाहेर पडत होते, हे मला तेव्हाच माहीत होतं आणि त्यांना माझं. पण आम्ही कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. रस्त्यात दिसलो तर दुसऱ्या बाजूला बघायचो. मी चकती लावायचो आणि बसायचो. कुणी शिव्या दिल्या, कुणी दारू काढली. कापूसखात्यातला लू, सहा फुटी गडी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग आम्ही बोललो. तीन वर्षांत पहिल्यांदा. हे करण्यात माझे बाकीचे दिवस गेले. तुझ्या बहिणीला वाटलं मी नदीत उडी टाकली.

आणि तू काय केलंस? काढून टाकलंस. माझी दया येऊन.

तुझ्या त्या फान साहेबाला वाटलं लोकांना हे झेपणार नाही. तुला वाटलं मला झेपणार नाही. तुम्हा दोघांत फरक काय? त्यानं निदान तुला समोर बसवून चहा तरी दिला. तू घातलंस तेव्हा मला विचारलं नाहीस. काढलंस तेव्हाही विचारलं नाहीस. तुझ्या पत्रांत सम्राट आहेत, परदेशी बाई आहे, समाज आहे, नीती आहे. माझं नाव येतं ते खोकल्यासाठी आणि घोरण्यासाठी.

आणखी एक सांगतो, हे कुणालाच सांगितलेलं नाही. त्या पुलावर मी एकदाही बसलो नाही. डिसेंबरात तिथे वारा हाडं फोडतो, वेडा आहे का मी? तुझ्या बहिणीनं पूल लिहिला कारण ती एकदा माझ्या मागे आली होती आणि पुलापर्यंतच आली. पुढे मी कुठे जात होतो हे तिलाही माहीत नाही. तुझा माणूस चार मिनिटं नुसता बसतो आणि तुझे साहेब विचारतात तो उठून काही करत का नाही. तुम्ही दोघंही त्याच बसलेल्या माणसावर वर्षभर भांडलात. मला हसू आलं.

बंबावर ठेवलेली पेज उतू जातेय. थांबतो.

पांग देशान


बीजिंग, १९ नोव्हेंबर २००१

दाजी,

तुमचं पत्र सकाळी आलं. सहा वेळा उत्तर लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी त्यात माझंच म्हणणं यायला लागलं, म्हणून फाडलं.

शुक्रवारच्या गाडीनं लोशानला येतो आहे. कॅमेरा आणत नाही. वहीही आणत नाही.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर बंबाच्या खोलीत नुसते बसू.

दाजी, पूल ओलांडून तुम्ही कुठे जात होतात?

वेइनिंग